तीर्थस्वरूप, चिरंजीव आणि कैलासवासी

माझ्या साडूंइतका पत्रव्यवहार केलेला आणि तरीही आयुष्यात एकही पत्र न लिहिलेला माणूस या पृथ्वीतलावर दुसरा सापडणार नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सोहारच्या एका ॲल्युमिनियम कारखान्यात पंपांची देखभाल करण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली, पण 'काय करता?' असं कुणी विचारलं की ते पंपांचं नाव काढत नसत. "पत्रं पाठवतो," असं सांगून मोकळे होत. पाठवायचा अर्थात त्यांचा प्रोग्रॅम. फावल्या वेळात शिकून त्यांनी तो स्वतः लिहिला होता आणि परदेशातल्या कुठल्याशा क्लाउड ईमेल सेवेला जोडला होता. प्रोग्रॅमने पत्र तयार करून त्या सेवेच्या हवाली करायचं, सेवेने ते घरोघर पोचवायचं आणि पोचल्याची पावती साडूंना द्यायची. दर शुक्रवारी सकाळी साडेसहाला, म्हणजे उभा ओमान सुट्टीच्या झोपेत असताना, सोहारपासून मस्कतपर्यंतच्या त्रेसष्ट मराठी माणसांच्या फोनवर एकाच क्षणी 'टिंग' व्हायचं. त्यातलं एक टिंग मस्कतच्या अझैबा भागातल्या आमच्या घरात माझ्या उशाशी व्हायचं.

पत्रात विशेष काही नसे. कुणाला मुलगी झाली, कुणाकडे गावाहून कोकम आलंय, कुठल्या दुकानात अळूची पानं मिळतात, एवढंच. साडूंचा जीव मजकुरात नव्हताच, तो मायन्यात होता. ईमेल आलं म्हणून माणसाने रीत सोडायची नाही, हा त्यांचा बाणा. प्रोग्रॅमच्या पोटात त्यांनी मायन्यांचा एक तक्ता बसवला होता. प्रत्येकाचं वय, नातं आणि वैवाहिक स्थिती तपासून प्रोग्रॅम ठरवायचा, की याला तीर्थरूप, त्याला तीर्थस्वरूप, हिला सौभाग्यवती आणि नवरा गेलेल्या तिला गंगाभागीरथी. मला 'राजश्री' असायचं. आमच्या चिरंजिवांना दहाव्या वाढदिवसाला पत्र आलं तेव्हा ते घाबरून माझ्याकडे आले. "बाबा, काकांनी हे राँग पर्सनला सेंड केलंय. हू इज चिरंजीव?" खुद्द बायकोलाही ते शेजारच्या खोलीतून 'सौभाग्यवती हीस अनेक आशीर्वाद. चहा हवा आहे. कळावे' असं पत्र धाडत. ताई ते पत्र वाचत नसे. 'टिंग' झालं की आधण ठेवायची, एवढंच ती शिकली होती.

कारखान्यातही त्यांनी हाच प्रकार केला. पंप तापला की आपोआप मेल जाईल अशी सोय साहेबांनी करायला सांगितली होती. साडूंनी ती केली. पण पंपाची बातमी एकदम तोंडावर मारायची म्हणजे असभ्यपणा, म्हणून आधी चार ओळी 'आपण व आपले कुटुंबीय कुशल असाल' अशा अर्थाच्या इंग्रजी मजकुराच्या, आणि मग खाली, सविनय, पंप क्रमांक सात पेटण्याच्या बेतात असल्याचं निवेदन. एका तरुण इंजिनियरने तक्रार केली, की कुशल वाचून होईपर्यंत पंपाचं अकुशल होतं. प्रकरण ओमानी मॅनेजरसाहेबांपुढे गेलं. आता, ओमानी माणूस भेटला की तुमची, घरच्यांची, प्रवासाची, एकूण जगाची खबरबात पाच मिनिटं विचारून झाल्याशिवाय कामाचा शब्द काढत नाही. साहेबांनी मेल दोनदा वाचला, दाढीवरून हात फिरवला आणि आपल्या खास हिंदीत निकाल दिला, "पहले सलाम, बाद में मुश्किल. ये आदमी सही है. खलास." साडूंना मिळालेलं हे आयुष्यातलं एकमेव प्रशस्तिपत्र. ते इतरांनाही वाचता यावं म्हणून त्यांनी शुक्रवारच्या पत्रात सलग तीन वेळा छापलं.

सुरुवातीला मात्र त्या ईमेल सेवेने त्यांना चांगलंच राबवलं. नवख्या माणसाने भलत्यालाच मेल पाठवू नयेत म्हणून तिचा नियम असा, की ज्याला पाठवायचंय त्याने आधी आपल्या पत्त्यावर आलेल्या एका दुव्यावर बोट ठेवून होकार द्यायचा. लोक काही बोट ठेवेनात. मग दर शुक्रवारी साडू गाडी काढून स्वतः घरोघर जाऊ लागले. आमच्याकडे ते दोनशे किलोमीटर गाडी हाकत आले, मला दुवा दाबायला लावला, जेवले, झोपले, चहा घेतला, माझ्या बायकोशी तिच्या माहेरच्या पंधरा माणसांबद्दल बोलले आणि संध्याकाळी उठले. "आता तुम्हाला मेल पाठवता येईल," जाताना समाधानाने म्हणाले. मी म्हटलं, "पण जे सांगायचं ते आता बोलून झालंच की." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. दोन तासांनी मेल आला : 'समक्ष भेटून आनंद झाला.'

खरी धमाल एक जूनला झाली. साडूंचा दंडक असा, की माहिती घ्यायची ती पासपोर्टवरूनच, कारण कागदावर आहे ते खरं. आणि आमच्याकडच्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख शाळामास्तरांनी ठरवलेली. पोर आणून उभं केलं की मास्तर त्याच्याकडे एक नजर टाकून एक जून लिहून मोकळे व्हायचे. यादीतले एकोणीस जण त्या एकाच दिवशी जन्मलेले निघाले. एकाच्या वाढदिवसाची खबर उरलेल्या सगळ्यांना, असे एकोणीस वेळा मिळून हजाराच्या वर मेल सकाळी साडेसहाला सुटले. तिकडे ईमेल सेवेला वाटलं कुणी लफंगा घुसला. तिने खातं गोठवलं आणि खुलासा मागवला. साडूंनी चार पानी इंग्रजी खुलासा धाडला, त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. 'In our villages, sir, mother gives birth but headmaster gives date.' तिसऱ्या दिवशी खातं सुरू झालं.

पण त्या एक जूनने साडूंचा एक माणूस कायमचा तोडला. ते हसनभाई. मूळचे रत्नागिरीकडचे, सहमला विजेच्या सामानाचं दुकान. साडू पहिल्यांदा ओमानात उतरले ते हसनभाईंच्याच खोलीत. साडूंना स्वयंपाकातलं फक्त पिठलं यायचं, त्यामुळे हसनभाईंनी दोन वर्षं पिठलं खाल्लं आणि हूं की चूं केलं नाही. साडूंचे वडील गेले तेव्हा रजा मिळाली नाही. हा माणूस खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेला. आमच्यात अशा घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलंभात येतो, एवढंच तो हसनभाईंना बोलला. त्या दिवशी हसनभाईंनी जन्मात पहिल्यांदा पिठलं केलं, दाराबाहेर गेले, दार वाजवलं आणि शेजारी होऊन आत आले. अशा या हसनभाईंना, साडूंपेक्षा चांगल्या दोन वर्षांनी मोठ्या माणसाला, पासपोर्टवरून नुकत्याच भरलेल्या मास्तरांच्या तारखेमुळे प्रोग्रॅमने धाकटा ठरवला आणि पत्र गेलं : 'चिरंजीव हसन यास अनेक उत्तम आशीर्वाद.' हसनभाईंनी काय करावं? फोन करून चार शिव्या हासडाव्यात की नाही? त्यांनी 'स्पॅम' असं लिहिलेलं बटण दाबलं.

त्या बटणाचा अर्थ त्यांना ठाऊक नसावा. ते दाबलं की ईमेल सेवा त्याची तक्रार म्हणून नोंद करते आणि तो पत्ता एका वेगळ्या यादीत टाकते. जे पत्ते मुळात बंद झालेत तेही त्याच यादीत जातात. त्या यादीत गेलेल्याला पुन्हा मेल जात नाही. यादीला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, पण साडूंनी आपल्या प्रोग्रॅममध्ये तिचं नाव 'कैलासवासी' ठेवलं होतं, आणि नवरा त्या यादीत गेला की बायकोचा मायना आपोआप बदलेल अशीही व्यवस्था केली होती. "रीतीप्रमाणे सगळं बसवलंय," ते अभिमानाने सांगत. हसनभाई अशा रीतीने धडधाकट असताना कैलासवासी झाले. ताईने किती वेळा सांगितलं, "अहो, एक फोन करा नि चुकलं म्हणा." साडूंचं उत्तर ठरलेलं. "तक्रार लेखी आहे. तिला तोंडी उत्तर देऊन कसं चालेल?" आणि लेखी उत्तर जाऊ शकत नव्हतं, कारण पत्ता कैलासवासी. अशी चार वर्षं गेली. सहम सोहारपासून अर्ध्या तासावर आहे. मस्कतला येताना साडूंची गाडी सहमवरून जायची तेव्हा ते म्हणे मान उजवीकडे करून बसत आणि ताई डावीकडे.

यंदा साडू निवृत्त झाले. व्हिसा संपत आलेला, पुढच्या आठवड्यातलं परतीचं तिकीट काढलेलं. ताईने शेवटचं सांगून पाहिलं, "आता गेलात की परत यायचं नाही. एकदा सहमला जाऊन या." साडू 'बघू' म्हणाले आणि खोकी बांधायला लागले. माझ्या बायकोला हे फोनवर सांगताना ताई रडली होती. सत्तावीस वर्षांतलं काय काय बरोबर नेता येणार नाही याची तिची यादी मोठी होती, पण त्यात माणूस एकच होता.

त्यानंतरच्या शुक्रवारी नेहमीप्रमाणे साडेसहाला टिंग झालं. मी अर्धवट झोपेत पत्र उघडलं. 'राजश्री यांस, कृतानेक नमस्कार. घरातील फ्रिज, कपाट, पुरुषांचे बूट (नऊ नंबर) देणे आहे. आता गरज उरली नाही. दहानंतर केव्हाही यावे.' आणि खाली सही साडूंची नव्हती. खाली होतं : 'गंगाभागीरथी' आणि पुढे ताईचं नाव.

मी बायकोला उठवलं. साडूंचा फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही. ताईचा सतत एंगेज. पुढची दहा मिनिटं कशी गेली ते मी लिहीत नाही. सातला आम्ही गाडी काढली. वाटभर बायको एकच बोलत होती, "बूटसुद्धा देऊन टाकतेय हो ताई." सहमची पाटी दिसली तशी ती म्हणाली, "हसनभाईंना कोण सांगणार? त्यांना तर मेल जात नाही." मी गाडी वळवली.

हसनभाई दुकानासमोर पाणी मारत होते. मी सांगितलं. त्यांनी नळी खाली ठेवली. ती तशीच वाहत राहिली. म्हणाले, "तुमी व्हा पुढं. मी येतंय." आणि शटर अर्धं ओढून आत गेले.

सोहारला दार उघडलं ते साडूंनी. अंगात बनियन, हातात चिकटपट्टी. "लवकर आलात," घड्याळ बघत म्हणाले. "दहानंतर लिहिलंय." माझी बायको त्यांना बाजूला सारून आत धावली. आत ताई फोनवर कुणालातरी ओरडून सांगत होती, "नाही हो, आहेत! समोर उभे आहेत!" झालं होतं ते असं. रोज सकाळी प्रोग्रॅम आपल्या कामाचा अहवाल साडूंना त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवायचा. गुरुवारी कारखान्याने निवृत्त माणसाचा फोन आणि मेलचा पत्ता दोन्ही बंद केलं. अहवाल परत आला. परत आला म्हणजे पत्ता गेला, पत्ता गेला म्हणजे माणूस गेला. प्रोग्रॅमने साडूंना कैलासवासी केलं, ताईचा मायना बदलला आणि घरातलं जिवंत मोठं माणूस म्हणून तिचीच सही घातली. साडूंनी लॅपटॉपवर हे सगळं तपासलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "एकही चूक नाही हो! आणि हे बघा, आजवर निम्म्यांनीसुद्धा पत्र उघडलेलं नाही. आज सगळ्यांनी उघडलं!" मला त्या क्षणी त्यांना खरंच कैलासवासी करावंसं वाटलं.

"हसनभाई येतायत," मी म्हटलं. "त्यांना आम्ही सांगितलंय." साडूंनी लॅपटॉप मिटला. मी हसनभाईंना फोन लावला, तो वाजत राहिला. साडू आत गेले, सदरा घालून आले, पुन्हा आत गेले, दुसरा घालून आले.

जुम्म्याच्या नमाजाला अजून वेळ होता तेव्हा दार वाजलं. हसनभाई उभे होते. दोन्ही हातांत फडक्याने धरलेलं मोठं पातेलं, त्यावर झाकण, झाकणावर भाताचा डबा. डोळे सुजलेले. समोर साडू.  हसनभाईंनीच आधी तोंड उघडलं.

"तू मेलंस ना रं?"

"प्रोग्रॅमच्या हिशेबी, हो," साडू खाल मानेने म्हणाले.

हसनभाईंनी त्यांना नखशिखांत पाहिलं. मग पातेल्याकडे पाहिलं. "मग आता ह्यां पिठलां कोन खानार?"

साडूंनी ते खाल्लं. जमिनीवर बसून, खोक्यांच्या मधोमध, हसनभाईंच्या समोर. पिठलं खारट झालं होतं आणि त्यात गुठळ्या होत्या. साडू तीनदा मागून जेवले. जेवता जेवता एकदा ते म्हणाले, "हसन, ती तारीख..." हसनभाई म्हणाले, "जेव आधी." एवढ्यावर चार वर्षांची तक्रार मिटली. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दोघांना वाढत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

साडू आता गावी असतात. पत्रं सुरू आहेत, नव्या पत्त्यावर ते स्वतःही जिवंत झालेत. हसनभाईंचं नाव मात्र अजून त्या यादीत आहे. साडू म्हणतात, तक्रार करणाऱ्याचा पत्ता आपण परस्पर काढणं नियमात बसत नाही, त्याने होकाराचा दुवा दाबला पाहिजे. हसनभाई म्हणतात, एकदा बटण दाबून बघितलंय, आता जन्मात दाबणार नाही. त्यामुळे साडूंनी हसनभाईंसाठी एक वेगळं पत्र लिहायला घेतलंय, स्वतः, कसल्याही प्रोग्रॅमविना. ते शुक्रवारी माझ्याकडे येतं आणि मी सहमला फोन लावून वाचून दाखवतो. गावात पाणी कधी येतं, गुडघा कसा दुखतो, पिठल्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय करावं, असं काहीबाही असतं. हसनभाई निमूट ऐकतात. इथे शुक्रवार आता जरा रिकामे वाटतात, त्यांनाही आणि मलाही, दोनशे किलोमीटर गाडी हाकत मेलची परवानगी मागायला आता कुणी येत नाही. पत्र संपलं की मी 'ठेवू का?' विचारतो. हसनभाई दर वेळी तेच म्हणतात.

"ती वरची ओळ पुन्ना वाच."

मी वाचतो, "तीर्थस्वरूप हसनभाई यांस, साष्टांग नमस्कार."