नावाची कच्ची टीप

बर्नाडीन कुलचिक आमच्या अमेरिकी फुटबॉल संघाची, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळातली, शिवणकाम करणारी. फाटलेल्या विजारी, उसवलेल्या बाह्या हे तिचं रोजचंच; मानाचं काम एप्रिलमधलं. त्या महिन्यात देशातले सगळे संघ कॉलेजातली पोरं पाळीपाळीनं निवडतात, आणि गेल्या मोसमात जो तळाला गेला त्याची पाळी पहिली. हरणाऱ्याच्या पदरात निदान एक चांगला पोरगा पडावा, एवढाच हेतू. आमचा संघ इतक्या इमानानं हरायचा की पहिल्या पाचातली पाळी जवळजवळ घरचीच झाली होती. नाव पुकारलं की बर्नाडीननं कापडाच्या पट्टीवर त्याची अक्षरं बसवायची, पट्टी जर्सीच्या पाठीवर शिवायची, आणि दुसऱ्या दिवशी तो पोरगा ती छातीशी धरून फोटोला उभा राहायचा.

आणि मग? मग पहिले पाढे पंचावन्न. एकाचा खांदा दुसऱ्याच महिन्यात निखळला. एकाला घरची इतकी ओढ लागली की नाताळला गेला तो परतलाच नाही. एक खरोखर हिरा निघाला, तर आमच्या दीडशहाण्यांनी तो दुसऱ्या संघाला देऊन टाकला, आणि तिकडे त्यानं अजिंक्यपद मिळवून दिलं! अजून दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात गावजेवणाचे मासे तळताना त्याचं नाव निघालं की लोक कढईकडेच बघत राहतात.

गेलेल्याची पट्टी काढायचं कामही बर्नाडीनचंच. जाड कापड, बारीक टाके, दुहेरी दोरा. उसवताना बोटांची सालं निघायची. असे सात झाले आणि आठव्याच्या वेळी तिनं मशीनचं बटण फिरवून टाका सगळ्यात लांब केला. कच्ची टीप. एक दोरा ओढला की पट्टी हातात. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातलाच प्रकार. पोरगा टिकला की घालू पक्की, असं तिनं ठरवलं. त्यात काही वावगं आहे असं तिच्या मनातही आलं नाही.

तो आठवा म्हणजे कॉर्डेल ट्रॅमेल. अलाबामाचा, चेंडू घेऊन पळणारा, दाराएवढा उंच. फोटो झाल्यावर तो शोधत शोधत शिवणखोलीत आला. आजवर एकही आला नव्हता.

"माझं नाव तुम्ही शिवलंत, मिस बर्नी?"

"मीच. का, अक्षर चुकलं?"

"छे! आईला सांगायचंय कुणी शिवलं ते. ती विचारणारच."

बर्नाडीनला तो पोरगा तिथल्या तिथे आवडला. उद्याच पक्की टीप घालते, ती मनाशी म्हणाली. उद्याचं परवा झालं, परवाचा सप्टेंबर उजाडला.

पहिल्याच सामन्यात कॉर्डेल चेंडू घेऊन सुटला. समोर मैदान मोकळं. मागून एकानं पाठीला हात घातला, आणि त्याच्या मुठीत माणूस नाही, नुसती पट्टी आली! ओढ बसली म्हणून कॉर्डेलनं मागं पाहिलं अन् चेंडू हातातून निसटला. तो दुसरा पठ्ठ्या 'ट्रॅमेल' लिहिलेलं कापड निशाणासारखं नाचवत मैदानभर फिरला. साठ हजार माणसं हसली, त्यात आमचीच जास्त. पुढच्या सामन्याला लोक त्याचं नाव लिहिलेले कागद घेऊन आले आणि तो दिसला की टराटरा फाडायला लागले. मेल्यांना लाज नाही! पोराच्या हातून चेंडू सुटत गेला तो सुटतच गेला. दोन वर्षांनी त्याला काढलं. त्या प्रसंगानंतर बर्नाडीननं त्याच्या नावाला पक्की टीप घातली होती. ती उसवायला तिला दीड तास लागला.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, बर्नी," सामानखोलीचा रे डोबिन्स म्हणाला. "आपण निवडलेले सगळे असेच."

पण तिचं मन खात राहिलं. तो पडणारच होता, की माझ्या दोऱ्यानं त्याला पाडलं? दरवर्षी नवा पोरगा आला, तिनं जुन्या सवयीनं लांब टाकाच घातला, आणि हाच प्रश्न पुन्हा समोर. आठ वर्षं झाली. शेवटी या मार्चमध्ये कॉर्डेलची ती उसवलेली पट्टी पर्समध्ये आणि बटाट्याच्या पिरोग्यांचा, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचा, डबा शेजारच्या सीटवर ठेवून ती तीन तास गाडी हाकत गेली. कॉर्डेल तिकडे एका शाळेत पोरांना खेळ शिकवतो.

मैदानाच्या बाकावर बसून तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत होता. पट्टी मांडीवर पसरून त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे पहिल्या दिवशीच तुम्ही मला मोडीत काढलं होतंत?" तो म्हणाला. "मिस बर्नी, पुढं काय झालं त्याचं मला काही नाही. पण मला वाटायचं, त्या एका दिवशी तरी अख्ख्या गावाला मी हवा होतो."

बर्नाडीनला रडू फुटलं. "तुझ्याबद्दल मला काय ठाऊक होतं रे? ते तुझ्याआधीच्या सातांसाठी होतं."

"त्यांच्यासाठीचं माझ्या पाठीवर?"

तिनं डबा त्याच्यापुढं सरकवला.

त्यानंच डबा उघडला आणि एक पिरोगी तोंडात टाकली. "चेंडू कॉलेजातही सुटायचा माझ्या हातून. पट्टी टिकली असती तर मी टिकलो असतो का? कोण जाणे. तुम्हाला कळायचं नाही, मलाही नाही." मग त्यानं विचारलं, "माझ्यानंतर कितीजण आले?"

"आठ."

"त्यांनाही लांब टाका?"

तिनं मान खाली घातली. त्यानं पट्टीची घडी घातली आणि खिशात ठेवली. "ही मी ठेवतो. आईला दाखवीन."

एप्रिल आला. या वेळी आमची पाळी तिसरी. नाव पुकारलं गेलं: ओहायोचा कुणी थॅडियस ग्रिंबल. बर्नाडीननं अक्षरं बसवली आणि मशीनचं बटण फिरवलं. इतकी वर्षं तो लांब टाका बघितलेला रे डोबिन्स वाकून पाहत होता.

"अगं, इतका बारीक? आणि दोरा दुहेरी?"

"दुहेरी."

"वेडी आहेस का, बर्नी? आपल्या संघाची रीत तुला ठाऊक नाही? दोन वर्षांनी उसवताना बोटं सोलून निघतील."

"निघू देत. बोटं माझी आहेत," ती म्हणाली, आणि पट्टीभोवती दुसरी टीप घालायला घेतली.