कोचबाईची वही

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शारजात मुलाच्या घरी राहत होतो, त्याच्याच व्हिसावर. माझी शाळा चौथीपर्यंत. पण माणूस ओळखायला शाळा लागत नाही, असे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. शारजाच्याच हमरिया बंदरातल्या एका यार्डात एकवीस वर्षे मी रिगर गँगचा फोरमन होतो. क्रेनला टांगलेला मोठा पाइप चार दोऱ्यांनी चौघांनी धरायचा आणि सावकाश जागेवर बसवायचा, हे आमचे काम. चौघांतल्या एकाने जरी आपली ताकद दाखवली, तरी पाइप गर्रकन फिरतो आणि समोरच्याच्या छातीवर येतो.

म्हणून नवा माणूस आला की मी त्याला आधी दोरी देत नसे, जेवायला बसवत असे. आठ जणांची आमची एकच परात. बिहारी, मल्याळी, पेशावरचे दोघे, कोकणातले आम्ही, सगळ्यांचे हात एकाच भातात. जो माशाचा मधला तुकडा आधी उचलतो तो दोरीवर नको. जो बोलता बोलता दुसऱ्यापुढे भात सरकवतो तो ठेवायचा. एक गडी असा आला होता की दोघांनी उचलायची साखळी एकटा खांद्यावर टाकून शिडी चढायचा. पण परातीत त्याचा हात थांबत नसे. मी त्याला स्टोअरला पाठवला. मॅनेजर ओरडला, तरी पाठवला.

आता एक गोष्ट सांगूनच टाकतो. कधी कधी परात हे नुसते निमित्त असायचे. माझ्या गावचा माणूस भरायचा असला की दुसऱ्याबद्दल मी म्हणायचो, "परातीत बसत नाही." फोरमनला कोण विचारणार? हे मी विसरलो नव्हतो, म्हणून पुढचे सगळे झाले.

माझी नात तेव्हा बारावीला होती. अंगाने उंच, मुलाच्या डोक्यावरून हात घालून वरच्या फळीवरचा डबा काढायची. शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये तिचा नंबर सात. अबुधाबीच्या एका कॉलेजची कोचबाई तिला बघायला येत होती. त्यांच्या टीममध्ये एकच जागा उरलेली, आणि त्या जागेसाठी दोन मुली. सात नंबर आमची. दुसरी तिच्याच टीममधली, पाच नंबरची. जागा मिळाली तर कॉलेजची फी माफ. नाही मिळाली तर नातीला चिपळूणला मामाकडे कॉलेजला पाठवायचे ठरले होते. तिथे हिचा खेळ सुटणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. तीसुद्धा ते बोलत नव्हती, पण रात्री कूस बदलावी तशी रोज विषय बदलायची.

कोचबाई अरब होती. कुठल्या देशाची ते मी विचारले नाही. एका शुक्रवारी ती आमच्या घरी जेवायला आली. बॉलबद्दल एक शब्द नाही. मुलाला इंग्रजीत विचारत होती, हिची मैत्रीण कोण, भांडण झाले तर आधी कोण बोलते, हरल्यावर जेवते का. मुलगा ऑफिसात दिल्यासारखी उत्तरे देत होता.

मी मराठीत म्हटले, "ही खेळ बघायला आलीय की स्थळ?"

सूनबाई पदरात हसली. नातीने डोळे वटारले, "आबा, प्लीज!"

सुरमई वाढली तेव्हा नातीने मधली तुकडी कोचबाईला दिली, दुसरी मला, आणि स्वतः शेपटीकडची घेतली. कोचबाई खाली मान घालून जेवत होती, पण नजर नातीच्या हाताकडे. मी घास तसाच धरून बसलो. हे तर माझेच हत्यार! आणि ते कशासाठी वापरतात ते माझ्याइतके कुणाला ठाऊक? हिचा माणूस आधीच ठरलाय. आता नातीला काढायला कारण शोधतेय.

त्यानंतर मला जागोजागी पुरावे दिसायला लागले. शाळेत कोचबाई पाच नंबरच्या बापाशी सतरा मिनिटे बोलली, मी घड्याळ लावले होते. त्यात तीनदा हसली. माझ्याशी फक्त "सलाम, बाबा" आणि खलास. खेळ चालू असताना ती बॉलकडे बघतच नसे. बाकावर बसलेल्या मुलींकडे बघायची आणि वहीत लिहायची. कामाकडे न बघता माणूस ठरवणारा मी काय पहिल्यांदा बघत होतो?

शेवटच्या सामन्याला जाताना मुलगा गाडी चालवत होता. मागच्या सीटवर मी नातीला म्हटले, "आज बॉल कुणाला द्यायचा नाही."

"आबा, इट्स अ टीम गेम."

"टीम गेली खड्ड्यात. तिला कारण हवंय. तू इतके पॉइंट कर की तिला कारणच सापडू नये. ही जागा गेली तर चिपळूण आहे, लक्षात ठेव."

मुलगा आरशातून बघत म्हणाला, "आबा, तिला खेळू द्या ना तिच्या पद्धतीने."

"तू गाडी चालव."

नातीने बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली.

आणि खेळली ती! दोन्ही बाजूंनी मुली अंगावर आल्या तरी बॉल सोडला नाही. मी बोटांवर मोजत होतो, बोटे पुरेनात. पाच नंबर दोनदा मोकळी उभी राहून हात वर करून ओरडली. एकदा तर घसरून आपटली. नात तिच्या बाजूने पळत जाऊन बास्केट करून आली. सामना आम्ही जिंकलो. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. तेव्हा लक्षात आले की बाकावरच्या मुली बाटल्या उचलून पलीकडच्या टोकाला सरकल्या आहेत. या टोकाला नात एकटीच टॉवेलने तोंड पुसत होती.

कोचबाई रेफ्रीशी बोलायला खाली उतरली. वही उघडीच खुर्चीवर राहिली. मी बरोबर मागच्या रांगेत. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण मोबाइल होता. इकडेतिकडे बघितले आणि पानाचा फोटो काढला. मनात म्हटले, आता सापडलीस.

घरी आल्यावर सगळे चहाला बसले तेव्हा मोबाइल मुलापुढे ठेवला. "वाच. वशिला असेल तर कळेल."

"आबा, लोकांच्या वहीचा फोटो? सिक्युरिटीने पकडलं असतं तर काय सांगितलं असतं मी?"

"पकडलं नाही ना? वाच."

तो मनातच वाचत गेला. नातीने मोबाइल ओढून घेतला. तीच मला मराठीत सांगत गेली, अडखळत. "पाच नंबर. हात कच्चा, पण ती असली की बाकीच्या चांगल्या खेळतात. सात नंबर. हात आमच्याकडच्या कुणाहीपेक्षा चांगला. मागच्या दोन सामन्यांत पडलेल्या मुलीला उठवायला आधी हीच धावली. आज कुणाकडे बघत नाही. बॉल सोडत नाही. खरी कुठली? घरी शेपटीकडची तुकडी घेणारी, की ही? उद्या ठरवायचं."

चहावर साय आली. कुणी कप उचलला नाही.

"सामन्यानंतर तिने मला विचारलं होतं," नात म्हणाली. "आज असं का खेळलीस म्हणून."

"मग माझं नाव सांगायचंस."

"नो."

"का नाही? मी सांगितलं म्हणून तू केलंस."

"मी खेळले, आबा. तुम्ही नव्हता कोर्टवर." आणि ती उठून आत गेली. दार आपटले नाही, हळूच लावले. आपटले असते तर मला बरे वाटले असते.

मुलगा म्हणाला, "मी उद्या ऑफिसातून मेल टाकतो कोचला."

"मेल-बिल काही टाकायची नाही," मी म्हटले. माझ्या चुकीवर दुसऱ्याची सही मी यार्डातही कधी घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे इस्त्रीचा शर्ट घातला, सूनबाईला सांगितले की फिरायला जातो, आणि शारजाच्या बस स्टँडवरून अबुधाबीची बस पकडली. कॉलेजच्या गेटवर वॉचमन नेपाळी होता, त्याच्याशी हिंदीत भांडून आत शिरलो. कोचबाई कोर्टावर एकटीच बॉल गोळा करून जाळीच्या पिशवीत भरत होती. मला बघून थांबली.

मला येते ती यार्डातली अरबी, व्याकरण नसलेली. तीच बोललो. "हाजा गलत माल अना. बिंत माफी गलत." ही चूक माझी, मुलीची नाही. बॉल धरून ठेव असे मीच तिला सांगितले, हे हातवारे करून दाखवले. मोबाइल काढून फोटोही दाखवला. तिचा चेहरा लाल झाला. "ऐब, बाबा!" म्हणाली, म्हणजे लाज वाटायला हवी. मी म्हटले, हो, ऐब. मग तिला परातीचे सांगितले, आठ हात आणि एक भात. निमित्त काढून मी माणसे कशी हाकलली तेही सांगितले, आणि तू तशीच असशील असे वाटले म्हणून हे झाले, असेही. किती कळले देव जाणे. मध्येच तिने पिशवी खाली ठेवली होती.

"बिंतने पाठवले?" तिने विचारले.

"ला," मी म्हटले. नाही.

"तिला ठाऊक आहे, तू आलास?"

"ला. सांगू नकोस."

तिने खुर्चीवरची वही घेतली आणि लिहायला लागली. तिच्यावर माझा पुरता विश्वास बसला होता असे नाही. काय लिहितेय ते मी विचारले नाही. पण लिहून होऊन पेनाला टोपण लागेपर्यंत मी तिथून हललो नाही.