सेदोनू आत्याच्या पायातली बेडी

सेदोनू आत्याला कशाची भीती वाटलेली मी तिच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत पाहिली नव्हती. बादाग्री या गुलामांच्या व्यापाराच्या जुन्या बंदरातल्या आमच्या घराची पुढची खोली तिच्या ताब्यात. तिथे भिंतीवर एक जोडबेडी टांगलेली आहे. आमचा खापरपणजोबा माणसं विकायचा, त्याच्या काळातली. बघायला येणाऱ्यांना आत्या रोज तीच हकीकत सांगायची आणि शेवटी बेडी खाली काढून तिच्या एका कड्यात स्वतःचा डावा पाय ठेवायची. दुसरं कडं दुसऱ्या माणसासाठी. ते रिकामं राही.

"बघा, असं घालायचे," म्हणायची आणि पाय काढून घ्यायची. गंजामुळे कडं पुरतं मिटतच नसे. चाळीस वर्षं तो गंजच तिचा पाय राखत होता, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आमच्यात या लोखंडाला वर्षातून एकदाच तेल लागतं, लोखंडाच्या देवाच्या सणाला. तेही पामतेलाचे चार थेंब, वरून. मला ते कधी पटलं नाही. वस्तू ठेवायची तर नीट ठेवावी. लागोसहून शाळेतल्या एक बाई येणार होत्या, म्हणून आदल्या दिवशी मी बेडी रॉकेलमध्ये बुडवली, ब्रशने घासली आणि बिजागरीत मशीनचं तेल सोडलं. आत्याला सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पाय ठेवला. खट्ट असा बारीक आवाज झाला.

आत्याने पाय ओढला. पुन्हा ओढला. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे कोणी घासलंय?"

"मी."

"शाबास. तुझा बाप आळशी होता, पण घरातली माणसं मोकळी ठेवली त्याने."

पाहुण्या बाई हसल्या. "आजी, किल्ली कुठे असते?"

किल्ली कुठे आहे ते आत्याने दहाच मिनिटांपूर्वी त्यांना सांगितलं होतं. खापरपणजोबाला पश्चात्ताप झाला आणि त्याने सगळ्या किल्ल्या खाडीत फेकल्या. बाईंना ते आठवलं आणि त्यांचं हसू गेलं.

अर्ध्या तासात घोटा सुजायला लागला. आत्याला डायबेटिस. याच आजाराने तिच्या धाकट्या बहिणीचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. साबण लावून झाला, खोबरेल झालं, कडं हलेना. बोटं काळपट दिसू लागली. मी शेजारी बसायला गेलो तर तिने माझा दंड धरला.

"तिकडे नको. त्या बाजूला नको बसू."

त्या बाजूला ते रिकामं कडं होतं, उघडं. त्यानंतर माझीही नजर तिथून हलेना.

मी धावत जाऊन मोतिन लोहाराला आणलं. हा म्हातारा लोकांची गेटं करतो. छिन्नी आणि हातोडा घेऊन आला, पण आधी पिशवीतून कौल लावायचं कोला फळ काढलं. घराण्याचं लोखंड देवाला विचारल्याशिवाय कुठलाच लोहार तोडत नाही.

"मोतिन, पाय जाईल माझा. आधी तोड, मग विचार."

"आणि माझा हात गेला तर? तुझ्या घरी जेवायला येऊ?"

त्याने फळाच्या चार फाकी जमिनीवर टाकल्या. चारही पालथ्या पडल्या, म्हणजे देवाचा नकार. पुन्हा टाकल्या, पुन्हा पालथ्या. त्याने कपाळ पुसलं.

"सेदोनू, या लोखंडाबद्दल काहीतरी खोटं बोललं गेलंय."

"मी खोटं बोलत नाही."

"मग बस अशीच."

आत्याने आधी पायाकडे पाहिलं, मग त्या दुसऱ्या कड्याकडे. बोलली ते अगदी हळू.

"पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. गुलाम सोडवणारं इंग्रजांचं गस्तीचं जहाज आल्याची बातमी आली. आपल्या त्या पूर्वजाने माणसं बेड्यांसकट पलीकडच्या झाडीत नेऊन लपवली. आपलेच गडी दया येऊन सोडतील, म्हणून किल्ल्या पाण्यात टाकल्या."

"मग ही उघडी कशी राहिली?"

"ही त्या दिवशी रिकामी होती. बाकीच्या अठरा परत आल्या नाहीत."

"माणसं?"

"बापाने पुढचं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. लोकांना ते पश्चात्तापाचं सांगायला बरं वाटायचं."

मोतिनने फाकी उचलल्या. या वेळी दोन उताण्या, दोन पालथ्या पडल्या; देवाचा होकार. त्याने छिन्नी उचलली.

"पाय हलवू नकोस."

"तू गेटांसारखा वाकडा घाव घालू नकोस म्हणजे झालं."

सातव्या घावाला कडं तुटलं. दवाखान्यात तीन आठवडे गेले. करंगळी गेली, पाय वाचला.

तुटकी बेडी पुन्हा त्याच खिळ्यावर आहे. सणाला मी चार थेंब तेल वाहतो, पाचवा नाही. पाहुणे अजून येतात आणि आत्या आता त्या अठरा बेड्यांचंही सांगते. ऐकून काहीजण मध्येच उठून जातात. सांगताना ती खुर्ची भिंतीपासून लांब ओढून घेते आणि दोन्ही पाय स्टुलावर ठेवून बसते.