पिवळा लाइट माझ्याच हाती का लागतो

"मॅडम, ड्रायव्हिंग हॅबिटचा पण प्रश्न असतो," सर्व्हिस सेंटरमधला सुपरवायझर म्हणाला आणि माझ्या नवऱ्याकडे बघून हसला. नवराही हसला. गाडी चालवते मी, बिघाड सांगितला मी, आणि हे दोघं एकमेकांकडे बघून हसतायत. माझं टाळकं सटकलं ते तिथेच.

बिघाड साधा नव्हता. रत्नागिरीच्या वाटेवर आरे-वारेच्या वळणावर, खाली समुद्र, आणि डॅशबोर्डवर अचानक पिवळा लाइट लागायचा. त्याच क्षणी स्टिअरिंग असं जड व्हायचं की दोन्ही हातांनी सगळा जोर लावून वळवावं लागायचं. पुढे थांबून गाडी बंद करून पुन्हा चालू केली की लाइट गायब आणि स्टिअरिंग हलकं. स्कॅनर लावला की स्टिअरिंग किती वळलंय ते मोजणाऱ्या सेन्सरचं नाव यायचं. मग सर्व्हिस सेंटरवाले ते नाव पुसून टाकायचे, समोरच्या सरळ रस्त्यावर एक चक्कर मारायचे आणि गाडी ओके आहे म्हणून माझ्या ताब्यात द्यायचे. सेन्सर रोज थोडाच रुसतो, हे त्यांना कोण सांगणार!

बाजूच्या सीटवर माझी आई असायची. खुब्याचं हाड मोडून तिचं ऑपरेशन झालं होतं. तिला गावाहून रत्नागिरीत व्यायामाला आणायचं, परत सोडायचं, हे काम माझं. व्यायाम चुकला तर पाय आखडेल आणि मग तिला उठवणं कठीण, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. नवरा लांब लोटे गावी कंपनीत कामाला, तिथेच राहतो, सुट्टीला घरी येतो. त्यामुळे आईची सगळी भिस्त माझ्यावर आणि त्या गाडीवर.

एकदा वळणावर स्टिअरिंग जड झालं आणि गाडी कठड्याला घासली. आई किंचाळली. पुढच्या वेळी मी न्यायला गेले तर ती दारातूनच म्हणाली, "नको गो बाय. मी नाय येत. हाय तशी बरी हाय मी."

नवऱ्याने लगेच निकाल दिला. "आता तू त्या रस्त्याला गाडी घालायची नाहीस. मी सुट्टीला येईन तेव्हा नेईन त्यांना." त्याची सुट्टी कधी मिळते, कधी रद्द होते. वॉकर घेऊन विहिरीपर्यंत जायला लागलेली आई पुन्हा उंबऱ्यापाशीच अडली. मला त्याची इतकी चीड यायची की मी घरात भांडी आपटत फिरायचे.

एका रविवारी त्याने गाडी काढली. मला मागच्या सीटवर बसवलं. जाताना लाइट लागला नाही, येताना लागला नाही. त्याच वळणांवर आई पुढे बसून, हात मांडीवर ठेवून चक्क झोपली होती. "बघ, काही होत नाही," तो आरशातून मला म्हणाला.

मी मात्र बघितलं होतं. आईच्या घराकडे जाणारी वाट दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून जाते. गाडीला चिरा घासेल म्हणून नवऱ्याने गाडी देवळापाशी, डांबरी रस्त्यावरच उभी केली होती. तिथपर्यंत आई वॉकर टेकत, माझ्या खांद्याला धरून, धापा टाकत आली होती. मी तसं कधीच करत नाही. मी गाडी थेट तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पायरीशी नेते. तिथे गाडी फिरवायची म्हणजे स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुढे-मागे करत पुरं वळवावं लागतं. नवऱ्याने त्या रस्त्यावर ते एकदाही पुरं वळवलं नव्हतं, आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांनीही नाही. मागच्या सीटवर बसल्या बसल्या माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईला दारातून उचलायचं त्याचीच ही शिक्षा होती तर!

दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझरला म्हटलं, "बसा बाजूला." त्यांच्याच आवारात स्टिअरिंग पुरं डावीकडे, पुरं उजवीकडे, पुन्हा डावीकडे फिरवलं आणि गतिरोधकावरून गाडी दणकन नेली. पिवळा लाइट लागला. "हे माझं ड्रायव्हिंग हॅबिट," मी म्हटलं. त्याने उतरून मेकॅनिकला हाक मारली.

स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं तर आतून दोऱ्याचा गुंताच निघाला. त्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. दर दसऱ्याला गाडीची पूजा नवराच करतो आणि स्टिअरिंगला झेंडूची माळ बांधतो. फुलं सुकली की तो ती ओढून काढतो, पण देवाचा दोरा कापायचा नाही, आपोआप पडू द्यायचा, अशी त्याच्या घरची रीत. तो पडला नव्हता. दर वर्षीचा दोरा फटीतून आत सरकून स्टिअरिंगच्या दांड्याला गुंडाळला गेला होता आणि सेन्सरच्या वायरीत अडकला होता. स्टिअरिंग पुरं फिरलं की वायर ओढली जायची, तिच्या टोकाचा जोड, म्हणजे कपलर, सैल व्हायचा, आणि पुढे रस्त्याचा दणका बसला की संपर्क तुटायचा.

नवऱ्याला फोन केला तर तो खो खो हसला. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना सांगितलं म्हणे. त्याच्या त्या गोष्टीत दोरा होता, देव होता, सेन्सर होता, मी कुठेच नव्हते. "आणि माझ्या ड्रायव्हिंगचं काय?" मी विचारलं. "अगं, ते काय मनावर घेतेस," तो म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

तो गुंता पिशवीत घालून मी आईकडे नेला. सगळं नीट समजावून सांगितलं. तिने दोरा हातात घेऊन बघितला, मान डोलावली आणि वॉकर घेऊन गाडीत येऊन बसली. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

वळण आलं. लाइट लागला नाही, स्टिअरिंग हलकं फिरलं. मी आनंदाने बाजूला बघितलं. आईने खिडकीवरची आधाराची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"आई, गाडी नीट झालीय. सांगितलं ना तुला?"

"व्हय गो, कळला मना," ती म्हणाली. "तू पुढं बघ."

कडी तिने रत्नागिरी येईपर्यंत सोडली नाही.