आगारीआधीचा रस

साखर तपासायला आधी साखर पाजतात, हे कळलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पाचव्या महिन्यात जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी मला ते गोडमिट्ट ग्लुकोजचं पाणी प्यायला लावलं, दोन तासांनी रक्त काढलं आणि म्हणाल्या, शुगर वाढलेली आहे. वाढणारच ना! एवढी साखर पोटात गेल्यावर कोणाची वाढणार नाही? मी तसं तोंडावर बोललेही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आईची शुगर वाढली की बाळ पोटात फुगत जातं, बाळंतपणात अडकतं, आणि कधी कधी त्याआधीच काही तरी होतं. ते 'काही तरी' त्या इतक्या हळू म्हणाल्या की मी भांडण सोडून खुर्ची पुढे ओढली.

मग पथ्य आलं, बोट टोचायचं मशीन आलं आणि थोडं थोडं इन्सुलिनही सुरू झालं. त्याबरोबर घरभर संशय आला. मी डबा उघडला की नवरा स्वयंपाकघरात डोकावायचा. सासूबाईंनी गुळाची ढेप कुठे हलवली ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. मीही काही कमी नव्हते. सासूबाईंनी दूध दिलं की त्यात साखर घातली नाही ना ते आधी घोटभर चाखून बघायचे, कारण 'पोरगी वाळली, बाळाला काय मिळणार' असं त्यांना शेजारणीशी बोलताना मी ऐकलं होतं. मशीनवर तर माझा काडीचा विश्वास नव्हता.

सातव्या महिन्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी गेली नाही तर लोक विचारतात, घरात सगळं बरं आहे ना. डॉक्टरीणबाईंनी पारोळ्याला जायची परवानगी दिली, पण बजावलं, "आकडा दोनशेच्या वर गेला तर तिथे थांबायचं नाही. थेट येऊन ॲडमिट व्हायचं." नवऱ्याने ते वाक्य माझ्या आईला फोनवर ऐकवलं. मी आईला माय म्हणते. मी माहेरी पोहोचले त्या दिवसापासून माय माझ्या तोंडाकडे बघायला लागली. म्हणजे चेहऱ्याकडे नव्हे, तोंडाकडे.

तिचं एक दुखणं होतं. माझ्याआधी तिला मुलगा झाला होता. चांगला दांडगा, भरल्या अंगाचा, पण रडलाच नाही. आजीने तेव्हा गावभर सांगितलं की हिने चोरून आंबे खाल्ले, म्हणून पोर एवढं वाढलं आणि अडकलं. हे मला आत्याकडून कळलं. मायने त्याचं कधी नाव काढलं नाही. खरं तर त्याला नावच ठेवलेलं नव्हतं.

आखाजीच्या दिवशी पितरांची आगारी पडेपर्यंत, म्हणजे निखाऱ्यांवर त्यांच्या नावाचा घास पडेपर्यंत, आमच्याकडे कोणी काही खात नाही. पोटुशी म्हणून मला सूट होती. सकाळी मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. पण पुरणाला नि रसाला जीभ लावायची नाही, हे मलाही लागू होतं. वहिनी खापरावर मांडे टाकत होती. ती म्हणाली, "ताई, खावाले नही ते पिळा तरी." म्हणून मी आंब्यांची टोपली पुढ्यात घेतली. घमघमाट असा की पोटातलं बाळसुद्धा लाथा मारायला लागलं. मी बोटसुद्धा चाटलं नाही. नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते आणि माय पिंपापाशी तळण करत पहाऱ्याला बसल्यासारखी बसलेली, म्हणून ओल्या फडक्याला हात पुसले आणि मशीन काढलं.

दोनशे त्रेचाळीस.

वहिनीने आकडा वाचला, मग रसाच्या पातेल्याकडे पाहिलं, मग मायकडे. मायने हातातला झारा खाली ठेवला.

"रस चाखा का वं तू?"

"नही माय."

"पितरस्ना रस उष्टा करा का? खरं सांग."

"मी काहीच खादं नही!"

माझा आवाज चढला आणि तोच माझ्यावर उलटला. खोटं बोलणारी ओरडतेच, असं तिच्या नजरेत स्पष्ट दिसलं. नवऱ्याला फोन लावला तर तोही म्हणाला, "चिडू नकोस, फक्त काय खाल्लंस ते सांग. मी गाडी घेऊन निघतो." म्हणजे निकाल लागलाच होता. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. खरंच ॲडमिट व्हायची वेळ आली असेल तर? आणि आली नसेल, तरी मला चोर ठरवूनच नेणार?

ओट्यावर जाऊन बसले. जरा वेळाने हाताला चावल्यासारखं झालं. बघते तर बोटांवर लाल मुंग्या. एक तर बरोबर टोचलं होतं तिथेच बसलेली. मी त्या मुंग्यांकडे पाहत राहिले आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. तशीच आत गेले, पिंपातलं पाणी मायला न विचारता तांब्याभर घेतलं, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले आणि तिच्यासमोरच दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. एकशे बारा. पुन्हा टोचलं. एकशे नऊ.

"रस बोटले व्हता," मी म्हणाले. "तोंडले नही."

नवऱ्याला फोन करून सांगितलं, निघू नकोस. माफी मागणं मायच्या घराण्यातच नव्हतं. पण तिने तांब्या उचलला आणि स्वतःचे हात धुतले, पाण्याकडे न बघता, भरपूर. मग माझ्यासमोर बसून बोट पुढे केलं.

"मनं बी देख."

मला वाटलं, मशीनची परीक्षा घेते आहे. टोचलं. दोनशे अठ्ठ्याहत्तर.

वहिनी चाचरत म्हणाली, "आई, तुम्ही काही..."

"मी त आगारीले थांबेल शे. सकायपाईन चहा बी नही."

मी दुसरं बोट टोचलं. आकडा फारसा हलला नाही. मायने मशीन हातात घेऊन जवळ धरलं. तिला आकडे नीट वाचता येत होते. बाहेर वडील आंघोळ करून निखाऱ्यांसाठी थांबले होते, दोनदा हाक मारून झाली होती. ती उठली नाही.

"तवय बी हाईच व्हतं का?" तिने विचारलं. "त्याना वखतले?"

त्या मुलाच्या वेळी तिचं रक्त कोणीच तपासलं नव्हतं. कशाचाच पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय मी आयुष्यात काही मान्य केलेलं नाही.

"हाईच व्हतं माय," मी म्हणाले. "तू काहीच चोरीसन खादं नही."

ती मान खाली घालून बसली. मग पदराने तोंड झाकलं आणि त्याच्यासाठी माझ्यासमोर पहिल्यांदा रडली.