आईच्या खाटेजवळची दुभाषी

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच अंगात येणं, उतारे, नजर... सगळं घरातून गेलं. त्यात मी इंजिनिअर, आधी संशय घेणारा. इथेही मी संशयच घेतला.

दोन हजार चौदा-पंधराच्या सुमारास मी मस्कतला, अल हैलमध्ये राहायचो. आई अकोल्याहून व्हिजिटवर आली आणि बाथरूममध्ये घसरून तिचा खुबा मोडला. एका मोठ्या हॉस्पिटलात — नाव देत नाही — ऑपरेशन झालं. मी दिवसभर साईटवर, आई एकटी. वऱ्हाडी सोडून तिला कुठली भाषा येत नाही.

वॉर्डात नर्सिंग शिकणाऱ्या ओमानी मुली यायच्या. वाईट नव्हत्या. तरुण पेशंटशी छान गप्पा मारायच्या. म्हाताऱ्यांपाशी मात्र बीपी घेतलं की खलास. आई काही बोलली की "यस मामा, यस मामा" म्हणत पुढे जायच्या; मामा म्हणजे त्यांच्याकडे आई. मी एकदा विचारलं, तर मरियम नावाची एक मुलगी इंग्रजीत म्हणाली, "सर, या वयात सगळ्या असंच बडबडतात. कन्फ्यूज्ड असतात."

आई कन्फ्यूज्ड नव्हती. तिचं कोणाला कळत नव्हतं, एवढंच.

एके दुपारी साईटवर फोन आला. आईच्या पोटरीत रक्ताची गुठळी सापडली होती. वेळेत कळलं म्हणून बरं, डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात गेली असती तर अवघड होतं. कळलं कसं? तर मरियमने सांगितलं — मामाची पोटरी ठणकतेय.

मला ते खटकलं. आईने मलाही हे सांगितलं नव्हतं. मी मरियमला गाठलं.

"आई तुझ्याशी कोणत्या भाषेत बोलली?"

"तुमच्या. ती इंडियन स्टुडंट होती ना, तिने मला अरबीत सांगितलं. सावळी, बारीक."

शेजारी त्यांना शिकवणाऱ्या मॅडम उभ्या होत्या. "आपल्या बॅचमध्ये इंडियन कोणी नाही, मरियम."

मरियमचा चेहरा उतरला. मला वाटलं, आईला कुशीवर वळवताना हिनेच पाय ओढला असणार, म्हणून तो दुखला, आणि आता ते लपवायला गोष्ट रचतेय. आईला काही न सांगता मी विचारलं, "पाय दुखते हे कोणाले सांगितलं तू?"

"त्या पोरीले. सावळी, बारीक. आपल्याच इकडची हाये. दुपारी येऊन बसते. तिनंच इचारलं, बाई, पाय काऊन दाबून धरता? म्या म्हटलं, ठणका हाये, पण पोराले सांगू नको, तो घाबरते. मंग तिनं त्या नर्सबाईले बलावलं."

सफाईवाल्यांपासून सिक्युरिटीपर्यंत सगळ्यांना विचारलं. तशी मुलगी कोणी पाहिली नव्हती. शेवटी रजा टाकून मी रोज दुपारी खाटेपाशी बसलो. कोणी आलं नाही.

"आता तू बसतं ना," आई म्हणाली, "मंग ते कायले येईन?"

डिस्चार्जच्या दिवशी मरियम समोरच्या म्हातारीपाशी बसली होती, कान तिच्या तोंडाजवळ नेऊन. ती उठल्यावर मी शेवटचं विचारलं, "आता तरी खरं सांग. त्या दिवशी कोण होतं?"

"सर, तुमच्याइतकीच मीही शोधतेय तिला. इथले इंडियन बोलतात तसलं अरबी नव्हतं तिचं. आमचं गाव डोंगरात आहे. माझी आजी बोलायची ना... अगदी तसं. मस्कतमध्ये तसं कोणी बोलत नाही."

आणि आई शपथेवर सांगते, पोरगी पक्की वऱ्हाडी होती.

मी बरीच वर्षं यावर डोकं चालवलंय. भास म्हणावा, तर गुठळी खरी होती. कोणाला काही सुचलं तर सांगा, मला अजून सुचलेलं नाही. दोघींनी मिळून मला बनवलं म्हणावं... तर तसं ठरवायला त्या दोघींकडे एकही भाषा नव्हती.