व्याही आणि फिरऔनाचे दगड

आमच्या व्याह्यांना जगातली कुठलीही वस्तू दिसली की दोनच प्रश्न पडतात. हिचं वजन किती, आणि ही इथवर आणली कशी. तिसरा प्रश्न त्यांना आजवर पडलेला नाही. मुलाच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही त्यांच्या गावी, दापोलीकडे गेलो होतो. अशा वेळी मुलीचा बाप मुलीबद्दल दोन शब्द बोलतो. यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शेजारी बसलेल्या माझ्या भावाला हळूच म्हणाले, "पंच्याऐंशी." मला वाटलं, वऱ्हाडाचा आकडा सांगताहेत. घरी परतल्यावर भावाने सांगितलं की ते माझं वजन होतं. मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी लाकडाच्या वखारीत जाऊन काट्यावर उभी राहिले. पंच्याऐंशी भरलं. तेव्हापासून त्यांच्यापुढे उभं राहायचं झालं की मी एखाद्या खांबाच्या आड उभी राहते.

तीस वर्षं ते सौदीत, लाल समुद्राकाठच्या यान्बूला, जड सामान उचलण्याच्या कामावर मुकादम होते. आम्हीही तिथेच राहतो. मोठमोठ्या टाक्या, बॉयलर, पाइपांचे गठ्ठे. क्रेनवाला वर काचेच्या खोलीत बसतो, त्याला खालचं धड दिसत नाही. मुकादम जमिनीवर उभा राहून हाताने खुणा करतो आणि त्या खुणांवर क्रेन चालते. मूठ वळली की थांब, बोटं हलली की हळू. मुकादमाने मालाला हात लावायचा नसतो. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की घरात पाण्याचा पेला हवा असला तरी ते उठत नाहीत, मागतही नाहीत, दोन बोटांनी खूण करतात. माझी सून त्यांची मुलगी, तिला ती भाषा येते. मला येत नाही, म्हणून माझ्याकडून त्यांना कधी पाणी मिळालं नाही.

पिरॅमिडचं वेड त्यांना फोनमुळे लागलं. कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. त्यात म्हटलं होतं की एवढे मोठे दगड माणसाला उचलणं शक्यच नाही, आकाशातून कुणीतरी येऊन पिरॅमिड बांधून दिले. व्याही दोन दिवस जेवले नाहीत. "अडीच टनांचा दगड," ते म्हणत होते, "अडीच टन! एवढ्यासाठी आकाशातून माणसं बोलवायची? मग मुकादम काय करत होता?" त्यानंतर त्यांनी मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, दगडांबद्दल जे मिळेल ते वाचलं, पाहिलं, आणि दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येऊन आम्हाला ऐकवलं. साधा दगड तिथल्या तिथेच खणून काढायचे, पांढरा गुळगुळीत दगड नदीपलीकडून आणायचे आणि ग्रॅनाइट दूर दक्षिणेतून होडीने. छिन्न्या तांब्याच्या. दगड चाकं नसलेल्या लाकडी घसरगाडीवर बांधायचा, पुढे माणसं दोर ओढणार, आणि एक माणूस गाडीच्या पुढ्यात वाळूवर पाणी ओतत चालणार. हा पाणी ओतणारा माणूस त्यांचा फार लाडका. मंदीचं, म्हणजे अरबी मटण-भाताचं, ताट समोर आलं की ते भाताचा डोंगर करत, एका बाजूने चढण बांधत, मटणाचा तुकडा दगड म्हणून ओढत आणि त्याच्यापुढे रस्सा सांडत. "कमी पडला तर गाडी रुतते, जास्त झाला तर चिखल होतो. बेताने ओतायचा, विहीणबाई." मी म्हणायची, "आधी जेवा. तो राजा मेलाय, त्याला घाई नाही."

तसं आमच्यात फिरऔनाचं, मिसरच्या त्या जुन्या राजाचं, नाव कुणी चांगल्या तोंडाने घेत नाही. मशिदीत एका म्हाताऱ्याने त्यांना हटकलं की त्या जालिमाच्या इमारतीचं एवढं कौतुक बरं नव्हे. व्याही म्हणाले, "फिरऔनाचं काय व्हायचं ते अल्ला बघेल. मजुरांनी काय वाईट केलं होतं?" मलाही ते दगड पटत नाहीत. इथे माणूस गेला की दिवस मावळायच्या आत मातीत घालतात आणि वर नाव लिहीत नाहीत, थोरामोठ्यांचंही नाही. एका मढ्यासाठी हजारो माणसांनी वर्षानुवर्षं दगड ओढायचे, ही काय रीत झाली! पण हे मी बोलले की ते म्हणत, "मढ्याचं सोडा हो. उचलला कसा, ते बघा." नातू इंग्रजी शाळेत जातो. तो एकदा म्हणाला, "नाना, इट वॉज एलियन्स." ते चार दिवस नातवाशी बोलले नाहीत.

एका शुक्रवारी ते आले ते जेवण विसरूनच. मिसरच्या बाजूला, याच लाल समुद्राच्या काठावरच्या गुहांत जुने कागद सापडले होते म्हणे. ते राजाचे नव्हते, पुजाऱ्याचेही नव्हते. ती एका मुकादमाची रोजवही होती. आज टोळीने दगड होडीत भरले, आज निघालो, आज पोचलो, आज मुक्काम. चार हजारांवर वर्षं उलटली, तरी वहीत त्याचं नाव आहे आणि हुद्दाही आहे.  एवढं सांगून त्यांनी खिशातून आपला इकामा, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड, काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर कामाच्या जागी अरबीत 'आमिल' लिहिलं होतं. आमिल म्हणजे साधा मजूर. तीस वर्षांपूर्वी कफीलने, म्हणजे इथल्या मालकाने, ज्या व्हिसावर आणलं त्यावर तेच होतं, ते कुणी बदललं नाही, आणि यांनीही तेव्हा बदलून मागितलं नाही. आता वय झालं होतं, इकामा वाढवून मिळणार नव्हता, महिन्याभरात फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जाणं. जाताना कंपनी नोकरीचा दाखला देते. त्यावर मुकादम लिहिलेलं असावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"काय उपयोग?" मी विचारलं. "गावात तो कागद बघणार कोण?"

"त्या मिसरच्या माणसाने विचारलं होतं का, बघणार कोण म्हणून?" ते म्हणाले. मी इकामा उचलून त्यांच्या हातात परत दिला. 

दाखला लिहिणारा कारकून मिसरचाच. तो आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, आम्ही तिसऱ्या. गोरा, जाडसर, कायम दमलेला माणूस. इतकी वर्षं व्याही त्याला जिन्यात गाठून पिरॅमिडबद्दल विचारत आले होते, आणि तो जन्मात एकदाही पिरॅमिड बघायला गेला नव्हता. तो म्हणाला, "हाजी, इकाम्यात आमिल आहे, म्हणून सिस्टिममध्ये आमिल आहे, म्हणून दाखल्यावरही आमिल येणार." व्याही म्हणाले, "तुझ्या वाडवडिलांनी मुकादमाचा हुद्दा चार हजार वर्षं सांभाळला, तुला महिनाभर जमत नाही?" तो म्हणाला, "माझ्या वाडवडिलांकडे सिस्टिम नव्हती." त्यावरून दोघांचं वाजलं आणि बोलणं खलास झालं.

आणि त्याच आठवड्यात मी न्हाणीघरात पडले. पाय मोडला. प्लास्टर घालून मला लिफ्टने वर आणलं. नंतर लिफ्ट बंद पडली आणि तिचा भाग जिद्द्याहून यायचा होता. रोज विचारावं तर उत्तर एकच, "बुकरा." म्हणजे उद्या. असे नऊ उद्या झाले. दहाव्या दिवशी मला इस्पितळात नेणं भाग होतं, कारण हाड नीट बसलं नव्हतं आणि डॉक्टर म्हणाले होते की उशीर केला तर पाय वाकडा राहील. अँब्युलन्सवाले आले, जिना पाहिला, मला खुर्चीत बांधून न्यायचं ठरवलं. खुर्चीचा पट्टा मला पुरेना. ते गेले. मुलगा डोक्याला हात लावून बसला. सुनेने बापाला फोन केला.

व्याही आले. माझ्याकडे बघितलंही नाही, जिन्याकडे बघितलं. वितीने पायऱ्या मोजल्या. कठडा हलवून पाहिला आणि नापास केला. मग खुर्चीवर बसले आणि कधी नव्हे ते त्यांचं तोंड उतरलं. सुनेने विचारलं तेव्हा म्हणाले, "आजवर जे वाचलं ते सगळं वर चढवण्याचं. दगड खाली आणायची वेळ त्या लोकांवर आलीच नाही."

"मग मला इथेच पुरा," मी म्हणाले, "आणि वर पिरॅमिड बांधा."

शेवटी त्यांनी बेत केला तो असा. जिना सरळ आहे, दर मजल्याला पायऱ्यांची एक लांब रांग, आणि प्रत्येक रांगेच्या माथ्यावर कुणाचं तरी दार. पायऱ्यांवर प्लायवूडच्या फळ्या टाकून उतार करायचा. मला गादीसकट एका जाड फळीवर बांधायचं. दाराच्या आतून, दोन्हीकडच्या भिंतींना टेकवून एक लोखंडी पाइप आडवा लावायचा, त्याला दोराचे दोन वेढे द्यायचे आणि दोर हळूहळू सोडत जायचं. पहिलं दार आमचं. पहिल्या मजल्यावरचं घर रिकामं, त्याची किल्ली इमारतीच्या रखवालदाराकडे. मधलं दार त्या कारकुनाचं.

व्याही स्वतः खाली गेले. काय बोलणं झालं ते सुनेने जिन्यात उभं राहून ऐकलं आणि मला सांगितलं. व्याही म्हणाले, दार हवं आहे, म्हातारीला खाली आणायची आहे, आणि खाली कसं आणतात ते तुमच्या लोकांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. तो कारकून हसायला लागला. म्हणाला, "हाजी, तुम्ही अर्धीच गोष्ट वाचलीत. वरचा पांढरा दगड आता पिरॅमिडवर आहे का? आमच्या लोकांनी तो काढून नेला आणि काहिरा शहर बांधलं. तुम्ही चढवणाऱ्यांचे चाहते. आम्ही उतरवणारे."  व्याही म्हणाले, "पाणी ओतत होते का, उतरवताना?" तो म्हणाला, "मला काय माहीत? मी कारकून आहे." व्याही आपणच म्हणाले, "नसतील. चढवायला ओलं, उतरवायला कोरडं." आणि त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला.

मला अबाया घालून, चार पट्ट्यांनी बांधून फळीवर ठेवलं. दोरावर माझा मुलगा, रखवालदार आणि आपलं दार उघडून देऊन वर आलेला कारकून. व्याही उताराच्या पायथ्याशी उभे. मालाला हात न लावण्याची त्यांची शिस्त त्या दिवशी मला फार सोयीची वाटली, कारण विहिणीला हात लावायचा तर दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. त्यांनी बोटं हलवली आणि मी सरकले. पहिली रांग ठीक झाली. दुसऱ्या रांगेत एक फळी घसरली आणि मी एकदम हातभर खाली गेले.

"अरे मेल्यांनो, मारता काय!" मी ओरडले.

व्याह्यांची मूठ वर गेली. दोर जागच्या जागी थांबला. मी तिरकी लटकलेली, प्लास्टर भिंतीपासून चार बोटांवर.

"विहीणबाई," ते शांतपणे म्हणाले, "माल बोलत नाही."

"या मालाला जीभ आहे!"

वरून कारकुनाने अरबीत विचारलं, काय म्हणते ती? व्याही म्हणाले, "म्हणते, काम उत्तम चाललंय." मग त्यांनी फळी नीट लावून घेतली आणि पुन्हा दोन बोटं हलवली. मी त्यांचा हात बघत होते. मूठ तशीच, बोटं तशीच, जराही थरथर नाही. त्या हातावर माझा विश्वास बसला आणि मी खरंच गप्प झाले. मुलगा म्हणतो, त्या दिवशीचं सर्वांत मोठं आश्चर्य तेच.

खाली पोचल्यावर कारकून पायरीवर बसला. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. तो व्याह्यांना म्हणाला, "या रैस." 'या' म्हणजे 'अहो', आणि त्यांच्याकडे दगडावर काम करणाऱ्या टोळीच्या मुकादमाला रैस म्हणतात, असं सुनेने मला सांगितलं. आजवर तो त्यांना हाजी म्हणत होता.

पाय बसला. दोन आठवड्यांनी, व्याही जायच्या आदल्या दिवशी, कारकून आमच्याकडे दोन कागद घेऊन आला. पहिला छापील, कंपनीचा शिक्का असलेला. त्यावर आमिलच होतं. "सिस्टिम," तो म्हणाला. व्याह्यांनी मान हलवली आणि कागद घडी करून ठेवला. दुसरा कागद साधा होता, हाताने लिहिलेला.

"विहीणबाई, वाचा," ते म्हणाले. "माझा चष्मा घरी राहिला." चष्मा त्यांच्या खिशात होता, मला दिसत होता.

मी शाळा चौथीपर्यंत शिकले आणि कुराण वाचते, म्हणजे अक्षरं लावते, अर्थ लागत नाही. त्यात जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा, नसलेलं हातचं अरबी म्हणजे शिक्षाच. मी अडखळत एकेक अक्षर लावलं आणि कारकून अर्थ सांगत गेला. हा माणूस तीस वर्षं यान्बूत उचलणाऱ्या टोळीचा रैस होता. मी एक दिवस त्याच्या दोरावर होतो. खाली त्याची सही.

"यावर शिक्का नाही," मी म्हणाले.

सुनेने ते अरबीत सांगितलं. कारकून म्हणाला, "शिक्का मारला तर माझी नोकरी जाईल."

"पुन्हा वाचा," व्याही म्हणाले. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

ते गेले. आमिल लिहिलेलं कार्ड जाताना जमा करून घेतलं, ते इथेच राहिलं. हाताने लिहिलेला कागद ते बरोबर घेऊन गेले. सून म्हणते, गावी ते सकाळी उठून समुद्रावर जातात, होड्या ओढणाऱ्यांकडे बघत उभे राहतात आणि परत येतात. अजून कुणी त्यांना काही उचलायला बोलावलेलं नाही. बोलावतील. आमच्या कोकणात दगडांना तोटा नाही.